गुरगुरू द्या त्याला

ताई,

महिन्याभरापूर्वी आम्ही प्राण्यांच्या एका निवाऱ्यातून चार-पाच वर्षांचा कुत्रा दत्तक घेतला. नाव बंडू. आठ वर्षांच्या मुलीचा हट्ट होता, आणि विकत आणण्यापेक्षा एखाद्या बेवारशाला घर द्यावं असं आम्हालाही वाटलं. पहिले पंधरा दिवस इतका गुणी होता की विचारू नका. कोपऱ्यात पडून असायचा, भुंकणं नाही की काही नाही. मग एकेक रंग दिसायला लागले. खात असताना जवळून कुणी गेलं की गुरगुरतो. परवा तो झोपलेला असताना मुलगी त्याच्या गळ्यात पडली, तर त्याने हवेत दात वाजवले. लागलं नाही, पण पोर फार घाबरली. आम्ही सगळे बाहेर पडलो की दार ओरबाडतो. एकदा परत आलो तर नखांतून रक्त येत होतं. नवऱ्याने झाडू हातात घेतला तर जागच्या जागी शू करतो.

नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं, त्याला उताणा पाडून दाबून धरा, मालक कोण ते कळू दे. खाताना मध्येच भांडं काढून घ्या. नवऱ्याने तसं केलं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारलंही. आता नवऱ्यासमोर गुरगुरत नाही, नुसता थिजून उभा राहतो. म्हणजे सुधारतोय असं समजायचं का? सासूबाई म्हणतात, उपकाराची जाण नसलेलं जनावर, देऊन टाका परत. गंमत म्हणजे त्या त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि तो मात्र दिवसभर त्यांच्याच खुर्चीखाली. परत द्यावा का? दिला तर आम्ही वाईट माणसं ठरतो का?

— गोंधळलेली आई

नमस्कार.

तुमच्या पत्रात ओरबाडलेलं दार आहे, झाडू आहे, घाबरलेली मुलगी आहे. पण माझा जीव अडकला तो एका साध्या वाक्यात: आता नवऱ्यासमोर गुरगुरत नाही, नुसता थिजून उभा राहतो. नाही, तो सुधारत नाहीये. त्याची भीती होती तेवढीच आहे, कदाचित वाढलीही असेल. गेला आहे तो फक्त आवाज. आणि तुमच्या घरात लहान मूल असताना तो आवाज ही तुमच्याकडची सगळ्यात कामाची गोष्ट होती.

कुत्रा एकदम चावत नाही. आधी तो मान वळवतो. नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. कान मागे जातात. डोळा असा तिरका होतो की बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसायला लागते. मग अंग ताठ होतं. खात असेल तर घास चघळणं थांबतं आणि तोंड भांड्यातच राहतं. एवढं होऊनही समोरचा माणूस हलला नाही, तर घशातून आवाज निघतो. त्यानेही भागलं नाही तर हवेत दात वाजतात. चावा त्याच्याही नंतर. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, आणि आपल्याला बहुधा शेवटचे दोनच भाग कळतात. म्हणून आपण म्हणतो, काही कारण नसताना अंगावर आला.

गुरगुरल्याबद्दल मार बसला की कुत्रा एवढंच शिकतो, की आवाज काढला तर आणखी वाईट होतं. भांडं जाईल ही भीती तशीच राहते. पुढच्या वेळी तो आवाजाची पायरी गाळतो. तुमच्या यजमानांसमोर बंडू नेमका इथे येऊन पोचला आहे. त्यामुळे उताणं पाडणं, दाबून धरणं, गुंडाळी, भांडं ओढणं, हे सगळं आजपासून बंद. हळूहळू कमी करू वगैरे नको, आजच.

मुलीच्या प्रसंगाबद्दल. कुत्र्याच्या जबड्याचा वेग आणि नेम आठ वर्षांच्या मुलीपेक्षा कितीतरी चांगला असतो. बंडूला चावायचं असतं तर तो चावला असता. झोपेतून दचकून उठल्यावर, गळ्याभोवती हात पडलेले असताना, त्याने दात हवेत वाजवले. याचा अर्थ त्या क्षणीही त्याने स्वतःला आवरलं. त्याच्या बाजूने ही मोठी जमेची बाजू आहे. पण तेवढ्यावर विसंबून दुसऱ्यांदा त्याची परीक्षा घ्यायची नाही. लहान मुलांना होणारे बहुतेक चावे रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याचे नसतात, घरातल्या किंवा ओळखीच्या कुत्र्याचे असतात, आणि बऱ्याचदा मोठी माणसं शेजारच्याच खोलीत असतात.

तेव्हा घरात आधी हा बदल करा. बंडू आणि मुलगी एका खोलीत असतील तर एखादं मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि त्याचं लक्ष मोबाईलमध्ये नसावं. ते जमत नसेल तेव्हा दोघांच्या मध्ये दार किंवा जाळीचं छोटं फाटक. बंडूची झोपायची जागा ही त्याची. तिथे तो असताना कुणीही जायचं नाही, मुलगी नाही, पाहुणे नाहीत, तुम्हीही नाही. त्याच्याशी बोलायचं असेल तर लांबून हाक मारा आणि तो उठून आला तर बरं, नाही आला तर राहू द्या. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. ती झोप मोडत राहिली की आपल्यासारखाच तोही चिडचिडा होतो.

मिठी मारायची नाही, हे मुलीला समजावणं जड जाईल, कारण आपल्याकडे प्रेम दाखवायची तीच रीत. कुत्र्याला गळ्याभोवती पडलेले हात म्हणजे अडकणं वाटतं. काही कुत्री सवयीने सहन करतात, इतकंच. तिला दुसरं काहीतरी द्या. तो स्वतःहून जवळ आला तर छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद हात फिरवायचा आणि हात काढून घ्यायचा. त्याने अंग पुढे केलं, नाकाने हात ढोसला, तर आणखी तीन सेकंद. तोंड फिरवलं तर आज पुरे. मुलांना हा खेळ आवडतो, कारण कुत्र्याचं म्हणणं ओळखायचं कोडं त्यात असतं. आणि बंडू उसळून अंगाशी आला किंवा तिला भीती वाटली तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही; झाडासारखं उभं राहायचं, हात स्वतःशी दुमडून, नजर जमिनीवर. चार वेळा बंडू नसताना सराव करून घ्या, म्हणजे वेळेला आठवेल.

आता ते 'मालक कोण ते दाखवा' प्रकरण. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांवर मी रागावत नाही, कारण हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि भलीभली माणसं तो देतात. त्याचं मूळ बघा. रुडॉल्फ शेंकेल या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली लिहिलं, की लांडग्यांत वर्चस्वासाठी सतत झटापट चालते. एकमेकांशी संबंध नसलेले लांडगे एका आवारात कोंडल्यावर दुसरं काय होणार? डेव्हिड मीच या अमेरिकी अभ्यासकाने ती कल्पना पुढे लोकप्रिय केली. मग त्यांनीच कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा कळप वर्षानुवर्षं पाहिला, आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. वरच्या जागेसाठी लढून मिळवलेलं सिंहासन वगैरे तिथे नसतं. ज्यांनी ही गोष्ट पसरवली त्यांनीच ती मागे घेतली. आपण मात्र अजून कुत्र्यांना उताणं पाडतोय. शिवाय बंडू लांडगा नाही आणि तुमचे यजमानही नाहीत.

सासूबाईंच्या 'उपकारा'कडे येते. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका, कारण दत्तक घेणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात हे कुणीतरी म्हणतं किंवा मनात ठेवतं. आपण त्याला वाचवलं, मग हा असा का वागतो? बंडूच्या बाजूने बघितलं तर हिशेब वेगळाच निघतो. त्याला वाचवलं गेल्याची त्याला काहीच कल्पना नाही. निवारा कितीही गजबजलेला असो, तिथले वास त्याला ठाऊक होते, खाणं कधी येतं ते ठाऊक होतं, कोणत्या पावलांचा आवाज कुणाचा तेही ठाऊक होतं. एके दिवशी अनोळखी माणसांनी त्याला गाडीत घातलं आणि त्यातलं सगळंच्या सगळं नाहीसं झालं. तुमच्या दृष्टीने तो दिवस त्याच्या सुखाचा पहिला दिवस. त्याच्या दृष्टीने आणखी एक उचलबांगडी.

मग पहिले पंधरा दिवस गुणी कसा? तो गुणी नव्हता, गप्प होता. नव्या जागी आलेला कुत्रा पुष्कळदा असा मिटून जातो: कमी हलतो, कमी भुंकतो, जे होईल ते होऊ देतो. शरीरात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, चढलेलं असतं आणि ते उतरायला वेळ लागतो. निवाऱ्यांत काम करणारी माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: पहिले तीन दिवस नुसतं बावरलेपण, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम कळायला लागतो आणि खरा स्वभाव बाहेर पडतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. हा ठोकताळा आहे, कॅलेंडर नव्हे. काहींना वर्ष लागतं. पण तुमचा महिना त्यात अगदी बरोबर बसतो. 'रंग दिसायला लागले' हे तुमचे शब्द खरेच आहेत, फक्त ती बिघाडाची खूण समजू नका. इथे आपलं म्हणणं कुणी ऐकेल असं त्याला आत्ता कुठे वाटायला लागलं होतं.

आणि सासूबाईंच्या खुर्चीखाली तो का बसतो? मला तुमच्या पत्रातला हा तपशील सगळ्यात आवडला. घरात जिला बंडू आवडत नाही ती एकमेव व्यक्ती त्याच्याशी सर्वात योग्य वागते आहे. त्या त्याच्याकडे टक लावून बघत नाहीत, वाकून डोक्यावर हात ठेवत नाहीत, त्याला जवळ ओढत नाहीत, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसतात. घाबरलेल्या कुत्र्याला याहून चांगलं माणूस मिळणार नाही. त्यांना हे जरूर सांगा. काही बदलायला मात्र सांगू नका!

यजमानांनी त्यांचंच अनुकरण करायचं आहे. त्यांच्यावर दोषारोप नको. मुलीवर दात वाजलेले बघून कुठल्याही बापाचं डोकं फिरेल. पण बंडूच्या मनात त्यांची जी जागा झाली आहे ती त्यांनाच बदलावी लागेल. काही आठवडे बंडूचं दोन्ही वेळचं खाणं त्यांनी वाढावं आणि वाढून निघून जावं. संध्याकाळी जमिनीवर त्याच्याकडे पाठ किंवा कड करून बसावं, काहीतरी वाचावं, आणि मधूनमधून त्याच्या आवडीचा एखादा तुकडा स्वतःपासून लांब टाकावा, बंडूच्या मागे टाकला तर आणखी उत्तम. हातातून भरवायची घाई नको: भुकेपायी कुत्रा हातापर्यंत येतो आणि तुकडा संपल्यावर आपण किती जवळ आलोय हे लक्षात येऊन बिथरतो. जवळ यायचं की नाही हे त्याने ठरवावं.

झाडूबद्दल एक. तुम्ही सगळ्यांनी मनात एव्हाना गोष्ट रचली असेल, की आधीच्या कुणीतरी त्याला झाडूने मारलं. असेलही. पण दुसरीही शक्यता आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. पिल्लू तीन ते साधारण बारा आठवड्यांचं असताना जे बघतं, हुंगतं, त्याला पुढे ते जगाचा नेहमीचा भाग मानतं, असं त्यातून दिसलं. त्या काळात जे भेटलं नाही ते पुढे भीतीदायक वाटू शकतं. घरात न वाढलेल्या कुत्र्याने झाडू, मिक्सर, छत्री, जिना यांतलं काही पाहिलेलंच नसेल. भूतकाळ आपल्याला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही, उपाय एकच आहे: झाडू लांब, हलत नसलेला, आणि तो दिसला की खाऊ. पुढे कधीतरी थोडा जवळ. तोवर केर काढताना बंडू दुसऱ्या खोलीत. शू केल्याबद्दल ओरडायचं नाही, ती त्याच्या हातात नाही.

भांड्याचं बघू. खाणं राखणं हा कुत्र्याचा दुर्गुण नव्हे; ज्याने कधीतरी पुरेसं न मिळणं अनुभवलं आहे त्याने ते राखावं यात नवल काय? खाताना भांडं काढून घेऊन आपण त्याची शंका खरी ठरवतो. म्हणून आधी त्याचं खाणं अशा जागी ठेवा जिथून कुणाची ये-जा नाही, शक्यतो दार लोटून. एवढ्यानेच निम्मी डोकेदुखी जाईल आणि खरं सांगायचं तर कित्येक घरांत एवढंच पुरतं. त्यापुढे जायचं असेल तर मोठ्या माणसाने, मुलीने नव्हे, दोन-तीन मीटरवरून जाता जाता भांड्याच्या दिशेने त्याच्या रोजच्या खाण्यापेक्षा चांगला तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. सुरुवातीला तो अंग आखडून आणखी भराभर खाईल. म्हणजे तुम्ही फार जवळून गेलात, उद्या आणखी लांबून. काही दिवसांनी पावलांचा आवाज आला की तो तोंड वर करून 'काय आणलंत?' अशा चेहऱ्याने बघायला लागेल, शेपूट सैल हलत असेल. तो चेहरा दिसल्याशिवाय एक पाऊलही जवळ जायचं नाही. घंटेनंतर खाणं मिळत गेलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी दाखवलं; हेही तेच, फक्त घंटेच्या जागी तुमची पावलं. (त्यांना १९०४ चं नोबेल मात्र मिळालं ते पचनक्रियेच्या संशोधनासाठी, लाळेचं प्रकरण त्याच वाटेवर सापडलं.)

शेपूट हलते म्हणजे खूश, असं मात्र धरून चालू नका. ताठ, उंच, भराभर हलणारी शेपूट आणि ताठ अंग असेल तर लांब राहा. सगळं अंग सैल पडून मागचा भाग डुलत असेल तर ती खुशी.

दार आणि नखांतलं रक्त. याला लोक सूड म्हणतात, मस्ती म्हणतात. स्वतःच्या नखांतून रक्त येईपर्यंत कुणी मस्ती करत नाही. ती घबराट आहे. घरी आल्यावर तो कान पाडून, अंग चोरून समोर येतो म्हणून 'त्याला कळलंय आपण काय केलंय' असंही वाटतं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक ॲलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही याची मालकांना काही वेळा मुद्दाम खोटी माहिती दिली. तो अपराधी चेहरा खाऊ खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावण्यावर होता. उलट, काहीही न केलेल्या आणि तरी बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्त ठळक होता. तेव्हा घरी आल्यावर दाराकडे बोट दाखवून रागावण्यात अर्थ नाही. त्याला फक्त एवढं कळतं, की माणसं जातात तेव्हा वाईट होतं आणि परत येतात तेव्हाही.

काही आठवडे त्याला पूर्ण एकटं ठेवायचंच नाही असं बघा. तुमच्या घरात तीन मोठी माणसं आहेत, जमेल. त्याच वेळी सराव सुरू करा. जुना मोबाईल रेकॉर्डिंग लावून ठेवा, दाराबाहेर जा, आणि तो बेचैन व्हायच्या आत परत या. सुरुवातीला हे अंतर काही सेकंदांचं असेल आणि तुम्हाला वेड्यासारखं वाटेल. जाताना लांबलचक निरोप नको, आल्यावर सोहळा नको. रेकॉर्डिंगमध्ये तो फेऱ्या मारताना, धापा टाकताना, लाळ गाळताना दिसला, तर ते पशुवैद्यकांना दाखवा. वियोगाच्या या घबराटीवर औषधं आहेत आणि ती सरावाच्या जोडीने चांगली उपयोगी पडतात. औषध दिलं म्हणजे आपण हरलो, असं काही नाही.

पशुवैद्यकांकडे तसंही जायचंच आहे, आणि माझ्या मते या आठवड्यातच. निवाऱ्यातून आणताना तपासणी झाली असेल, पण 'सगळं ठीक' आणि 'दुखत नाही' यांत फरक असतो. कानात संसर्ग, किडलेली दाढ, दुखरा खुबा, गोचिडींमुळे होणारा ताप, यांतलं काहीही अंगाला हात लावल्यावर गुरगुरायला पुरेसं आहे, आणि कुत्री दुखणं लपवण्यात पटाईत असतात. डॉक्टरांना फक्त 'चिडका झालाय' असं सांगू नका. कुठे हात लावल्यावर, कधी, झोपेतून उठताना की चालताना, ते सांगा. लसींचं कार्ड घेऊन जा. रेबीजची लस, पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजारांवरची लस, जंताचं औषध, गोचीड-पिसवांवरचं औषध, यांच्या पुढच्या तारखा लिहून घ्या. जंतांकडे तुमच्या घरात जास्तच लक्ष हवं, कारण कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्याची शी लगेच उचलायची आणि मुलीने खेळून आल्यावर हात साबणाने धुवायचे. नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, पण तिने भीती जाईल अशी आशा ठेवू नका. ती नको असलेली पिल्लं टाळण्यासाठी.

रेबीजबद्दल घाबरवायचं नाही, पण घरातल्या सगळ्यांना हे पाठ हवं. माणसाला रेबीज होतो त्यातल्या ९९ टक्के घटनांत तो कुत्र्यांमार्फत आलेला असतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य. लक्षणांआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. कुठल्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागून कातडी फाटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद नाही, मिरची नाही. आपला कुत्रा लस घेतलेला आहे, हे डॉक्टरांना सांगायचं. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं.

आणखी दोन गोष्टी घाईघाईने. बंडूला लाडाने आपल्या ताटातलं काही देत असाल तर चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा-लसूण, शिजवलेली हाडं आणि बिनसाखरेच्या च्युइंगमसारख्या गोष्टी ज्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, हे त्याच्या तोंडी लागू देऊ नका. आपल्या वेदनाशामक गोळ्याही नाहीत, अगदी अर्धी नाही. आणि फिरायला नेताना गळपट्ट्यासोबत अंगात घालायचा हार्नेसही वापरा, पट्टा दोन्हीकडे अडकवून. घाबरलेला कुत्रा फटाक्यासारख्या आवाजाला मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं सोडवतो आणि सुसाट पळतो. त्याला अजून तुमच्या घराचा रस्ताही नीट माहीत नाही. पट्ट्यावर तुमचा नंबर हवा. चालताना त्याला हुंगू द्या, थांबू द्या. व्यायाम पायांचा कमी झाला तरी चालेल, नाकाचा व्हायला हवा.

आता परत देण्याचं. परत दिल्याने तुम्ही वाईट माणसं ठरत नाही. काही घरं आणि काही कुत्री एकमेकांसाठी नसतात, आणि लहान मूल असलेल्या घराने मर्यादा ओळखावी यात लाज कसली? माझ्या मते तीन गोष्टींपैकी एकही खरी असेल तर परत देण्याचा विचार गंभीरपणे करा. घराची रचनाच अशी आहे की मूल आणि कुत्रा यांना वेगळं ठेवता येत नाही. बंडूने खरोखर, रक्त निघेल असा चावा घेतला. किंवा घरातल्या मोठ्यांचं एकमत होत नाही, म्हणजे तुम्ही दिवसभर सराव करणार आणि संध्याकाळी कुणीतरी पुन्हा गुंडाळी उचलणार. तिसरं कारण लोकांना क्षुल्लक वाटतं, मला ते सगळ्यात मोठं वाटतं. एकाच घरात दोन कायदे असले की कुत्रा कुणावरच भरवसा ठेवत नाही.

परत द्यायचा झाला तर ज्या निवाऱ्यातून आणला तिथेच द्या, आणि जे घडलं ते सगळं लिहून द्या: गुरगुरणं, दात वाजवणं, नखं, झाडू, मारल्याचंही. 'परत आलेला कुत्रा' म्हणून त्याला पुढे घर मिळणार नाही या चांगल्या भावनेने लोक अर्धं लपवतात, आणि तो पुन्हा लहान मुलांच्या घरात जातो. खरं लिहिलं तर त्याला मोठ्या माणसांचं, शांत घर मिळू शकतं, जिथे तो कदाचित आयुष्यभर कुणालाही त्रास देणार नाही. ओळखीत कुणाला तरी 'फार गरीब आहे हो' म्हणून गळ्यात मारणं किंवा लांब कुठेतरी सोडून येणं, याबद्दल मी काही लिहिण्याची गरज नाही. तुम्ही विचारताय म्हणजे तुम्ही ते करणार नाही.

पण तुमच्या पत्रावरून मला बंडू हाताबाहेर गेलेला वाटत नाही. आधी निवाऱ्याला फोन करा. तो तिथे कुणाबरोबर राहायचा, खाताना कसा असायचा, कुठल्या पुरुष स्वयंसेवकाशी त्याचं जमायचं का, हे विचारा. चांगले निवारे दत्तक दिल्यावरही मदत करतात आणि त्यांच्या ओळखीत वर्तनतज्ज्ञ असतात. कुठलाही प्रशिक्षक गाठलात तरी आधी दोन प्रश्न विचारा: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात झटका, दाबणं, पट्ट्याला हिसका, यांतलं काही आलं तर आभार मानून फोन ठेवा. 'हमखास, आठवड्यात सुधारून देतो' असं म्हणणाऱ्याचाही.

आज रात्री मुलगी झोपल्यावर तुम्ही तिघं बसा. फाटक कुठे लावायचं, खाणं कुणी वाढायचं, दिवसा बंडूसोबत घरी कोण असेल, एवढं ठरवा आणि कागदावर लिहून दाराला चिकटवा. पशुवैद्यकांची वेळ उद्या सकाळी घ्या. ते कानाबद्दल, दातांबद्दल काय म्हणाले ते मला कळवा. दुखणं निघालं तर वर लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा क्रम बदलावा लागेल. आणि मधल्या काळात दात लागलाच, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका.

— तुमची ताई